परळचा डॉक्टर आणि बावीस हजार रुपये

गेल्या महिन्यात एका व्यापारी स्नेह्यांनी मला प्रश्न केला. त्यांचा मुलगा नुकताच पदवीधर झाला आहे. पेढीवर बसण्याऐवजी आफ्रिकेतील एका खेड्यात मित्रांचा छोटा धर्मादाय दवाखाना चालविण्यास त्याला दोन वर्षे जावयाचे आहे. "तुम्ही बँकवाले, सांगा, किती रक्कम बाजूला काढू?"

मी रक्कम सांगितली नाही. परळच्या एका डॉक्टरांची हकीकत सांगितली.

शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून परळचे जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झाले. अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीची अट होती. (देणगीदाराने अट घालावी तर अशी!) सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तेथेच शिकले. जपानशी लढणाऱ्या चीनचे सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले आणि सुमारे २२,००० रुपये जमले. १ सप्टेंबर १९३८ रोजी अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस हे पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते.

जमेची बाजू एवढीच. पुढे जे खर्ची पडले ते कोणत्याही खातेवहीत बसणारे नव्हते. मुखर्जी, चोळकर, अटल यथावकाश परतले. बसू आणि कोटणीस राहिले. मध्यंतरी सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली, तरीही कोटणीस परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले. शेतकऱ्यांच्या घरांतून रुग्णशय्या मांडलेल्या, आघाडीबरोबर जागा बदलणाऱ्या इस्पितळात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, विद्यार्थी घडविले. जानेवारी १९४१ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तेथील परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव इनहुआ: 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचे असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराने कोटणीसांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तोही परळच्याच राजकमलमधून.

बँकेत असताना मी अनेक ट्रस्टांची खाती पाहिली. रक्कम शिल्लक आणि काम बंद, असे कितीदा तरी आढळले. काम टिकले ते कोणी तरी तेथे ठाण मांडून बसले म्हणून.

स्नेही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "काढतो रक्कम. पण त्या खेड्यात फोन लागतो का हो?"