हसण्यापूर्वी चेहरा पाहा

घरात दूरदर्शन संच सुरू असतो. विनोदी मालिकेत मध्येच हशा ऐकू येतो. आपल्यापैकी कोणी हसलेले नसते. तो हशा मालिकेतच भरलेला असतो. कुठे हसायचे, हे दुसऱ्याने ठरवून दिलेले असते.

‘द ऑफिस’ या मालिकेने हा हशाच काढून टाकला. मूळ मालिका ब्रिटनची, बीबीसीवर २००१ साली आलेली. तिच्यावरून बेतलेली अमेरिकन मालिका २००५ ते २०१३ पर्यंत चालली. २०१९ साली हिंदीतही तिचा अवतार निघाला. कथा कागद विकणाऱ्या साध्या कचेरीची. माहितीपट काढणारी मंडळी कॅमेरा घेऊन तेथे येऊन बसली आहेत, अशी मांडणी.

म्हणून कॅमेरा हातात धरलेला, किंचित हलणारा. कधी तो दारामागून, कधी खिडकीच्या पट्ट्यांतून डोकावतो, तर कधी एकाएकी चेहऱ्याजवळ जातो. छायाचित्रकार रँडल आइनहॉर्न यांनी पूर्वी ‘सर्व्हायव्हर’ या खऱ्या माणसांच्या कार्यक्रमाचे चित्रण केले होते. तो हात येथे उपयोगी पडला. संकलनाची गंमतही पाहण्यासारखी. साहेब एकटा बसून स्वतःची थोरवी कॅमेऱ्याला सांगतो. लगेच दृश्य तुटते आणि कर्मचाऱ्यांचे कंटाळलेले चेहरे दिसतात. खोटे उघडे पाडायला संवाद लागत नाही.

२००५ सालचा अमेरिकन मालिकेचा दुसरा भाग आमच्या मनात घर करून आहे. साहेबाने एका कृष्णवर्णीय विनोदी कलाकाराची नक्कल केल्यावरून तक्रार होते व वर्णभेदावरील वर्ग भरतो. त्यावर साहेब आपलाच वर्ग घेतो आणि सर्वांच्या कपाळावर वंशाची नावे लिहिलेली कार्डे लावतो. शेवटी भारतीय वंशाच्या केलीसमोर तो भारतीय दुकानदाराची नक्कल करतो. ती सरळ थोबाडीत देते. कॅमेरा साहेबाच्या विनोदावर थांबत नाही. तो ऐकणाऱ्यांच्या अवघडलेल्या चेहऱ्यांकडे वळतो. त्यामुळे आपण साहेबाबरोबर हसत नाही, साहेबाला हसतो.

बंधू-भगिनींनो, कपाळावरचे कार्ड आपल्याला नवे नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका कचेरीत साहेबांनी ‘कोट्यातले’ म्हणून आमची थट्टा केली. सारे हसले. नोकरी टिकवायची म्हणून आम्हीही हसलो. तेव्हा आमच्या चेहऱ्याकडे कोणी पाहिले असते, तर ते हसू हसू नव्हते हे कळले असते.

आज आपली मुले जयंतीच्या कार्यक्रमासाठी मोबाइलवर नाटुकली चित्रित करतात. त्यांना एवढेच सांगावे: कोणाच्या रंगावर, बोलीवर, गरिबीवर हशा पिकवू नका. थट्टा करणाऱ्यावरून कॅमेरा वळवा आणि जिची थट्टा झाली, त्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबा. घरात मालिका पाहतानाही मुलांना विचारावे, ‘बाळा, आपण नेमके कोणाला हसलो?’ मैत्रीची शिकवण तेथूनच सुरू होते.

जय भीम!