निरुपद्रवी दिसणारा दस्तऐवज

कागदावर लिहिलेला मजकूर स्वतः काही करीत नाही. जे करावयाचे ते तो वाचणारा मनुष्य करतो. संगणकावरील दस्तऐवजाविषयीही सर्वसाधारण समजूत हीच असते. आज्ञावली काम करते आणि दस्तऐवज निमूटपणे वाचला जातो, असे मानून अनोळखी पत्त्यावरून आलेले टिपण किंवा देयक कार्यालयात सहज उघडले जाते. ही समजूत किती अपुरी आहे, हे २०१७ साली उघडकीस आलेल्या एका दोषावरून ध्यानात येते.

मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस’ ह्या संचात गणिती समीकरणे लिहिण्याकरिता ‘इक्वेशन एडिटर’ नावाची एक छोटी आज्ञावली असे. ती मूळची ‘डिझाइन सायन्स’ ह्या कंपनीची. ‘ऑफिस २००७’ मध्ये समीकरणांची नवी सोय करण्यात आली. तथापि जुने दस्तऐवज अडू नयेत म्हणून ही आज्ञावलीही तशीच ठेवण्यात आली. तिची फाइल ९ नोव्हेंबर २००० रोजी तयार झालेली होती. पुढील सतरा वर्षे ती संचाबरोबर असंख्य संगणकांवर जात राहिली, आणि बहुतेकांस तिचे अस्तित्वही ठाऊक नव्हते.

दोष कोठे होता? एका कारकुनाची कल्पना करावी. हातातील काम थांबवून त्याला मध्येच एक नाव उतरवून घ्यावयाचे आहे. तो पाटीच्या वरच्या पट्टीत ते नाव लिहितो. खालच्या ओळीत ‘हे झाल्यावर अमुक पानावर परत जावे’ अशी नोंद त्याने आधीच केलेली असते. आता सांगणाऱ्याने पट्टीत न मावणारे नाव दिले, आणि कारकून लांबी न मोजता लिहीतच गेला, तर खालची नोंद पुसली जाऊन तेथे नावातलीच अक्षरे येतील. मग कारकून त्या अक्षरांनी दाखविलेल्या पानाकडे वळेल. म्हणजे हुकूम सांगणाऱ्याचा चालेल. इक्वेशन एडिटर नेमके हेच करीत असे. समीकरणाबरोबर येणारे फॉन्टचे नाव स्मृतीतील ठरावीक जागेत उतरविताना त्याची लांबी तपासली जात नसे, आणि परतीचा पत्ता त्या जागेच्या पलीकडेच होता.

अशा चुका जुन्याच आहेत. म्हणूनच अलीकडच्या आज्ञावल्यांत स्मृतीची मांडणी दर वेळी बदलणे, माहितीच्या जागेतून सूचना चालू न देणे, असे बंदोबस्त असतात. ह्या जुन्या फाइलीत ते नव्हते. आणि ती स्वतंत्रपणे चालत असल्यामुळे वर्डचे संरक्षणही तिला लाभत नसे. मॅक्रो चालवावा काय, अशी जी पृच्छा ऑफिस करते, तीही येथे होत नसे. आंतरजालावरून आलेली फाइल प्रथम केवळ वाचनापुरती उघडते, एवढाच काय तो अडसर. संपादनाची अनुमती देणारी कळ दाबली की तोही दूर होई.

‘एम्बेडी’ ह्या संस्थेच्या संशोधकांनी हा दोष दाखवून दिला आणि १४ नोव्हेंबर २०१७ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध झाली. दुरुस्त फाइल तपासणाऱ्यांना तिच्यातील बहुतेक भाग जुन्याच स्थानी आढळले. आज्ञावली मूळ लेखनावरून नव्याने न घडविता तयार फाइलीतच ठिगळ लावले असावे, असे अनुमान त्यांनी काढले. त्यानंतर आठवडाभराच्या आतच मध्यपूर्वेतील एका शासकीय संस्थेवर ह्याच दोषाचा प्रयोग झाला. दुरुस्ती निघाली तरी ती प्रत्येक संगणकावर पोचावयास वेळ लागतो, हे हल्लेखोर जाणून असतात. पुढे त्याच आज्ञावलीत आणखी दोष सापडले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये ती संचातून काढूनच टाकण्यात आली. जुनी समीकरणे पानावर दिसत राहिली, पण ती बदलण्याची पूर्वीची सोय गेली.

तरीही मे २०२० मध्ये अमेरिकी शासनाने २०१६ ते २०१९ ह्या काळात हल्लेखोरांनी सर्वाधिक वापरलेल्या दहा दोषांची यादी दिली, तीत ह्या दोषाचे नाव होते. ज्या संगणकांवर दुरुस्ती कधी चढविलीच नव्हती, तेथे २००० सालची ती फाइल आपले काम पूर्ववत करीत होती.