शाळेतली खिचडी कोर्टातून कशी आली



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातून खटला सरकारविरुद्ध असेल, तर आपल्यापैकी पुष्कळांना जास्तच संकोच वाटतो. पण आपल्या पाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळेत दुपारी मुलांच्या ताटात जी गरम खिचडी पडते, ती अशाच एका खटल्यामुळे पडू लागली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या अंकात त्या खटल्याविषयी.

२००१ साली राजस्थानात दुष्काळ होता. खेड्यांतल्या काही घरांत माणसे पाळीपाळीने जेवत होती: आज काहींनी, उद्या उरलेल्यांनी. त्याच वेळी जयपूरजवळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामात धान्य मावत नव्हते आणि बाहेर ठेवलेली पोती भिजून कुजत होती. देशभरचा सरकारी साठा तेव्हा सुमारे ५ कोटी टन होता. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्कांच्या संघटनेने एप्रिल २००१ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. वकील होते कॉलिन गोन्साल्विस. प्रतिवादी होते केंद्र सरकार, अन्न महामंडळ आणि सहा राज्ये. त्या सहांत आपला महाराष्ट्रही होता.

याचिकेतला मुद्दा साधा होता. राज्यघटनेच्या २१व्या कलमाने जगण्याचा हक्क दिला आहे. पण पोटात अन्न नसेल तर तो हक्क वापरायचा कसा? लोकांचे पोषण सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे ४७वे कलम सांगते, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत मोडते आणि केवळ त्याच्या आधारावर कोर्टात दाद मागता येत नाही. याचिकाकर्त्यांनी ही दोन कलमे एकत्र वाचायला सांगितले.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. रेशन, अंत्योदय, अंगणवाडी, माध्यान्ह भोजन, वृद्धांचे निवृत्तिवेतन अशा आठ योजनांचे लाभ हे लोकांचे कायदेशीर हक्क ठरले. तोवर योजना म्हणजे सरकारची मर्जी असे. निधी आला तर चालली, नाही तर बंद, आणि जाब विचारायला जागा नाही. या आदेशाने ती जागा दिली. आदेश लोकांच्या भाषेत भाषांतर करून ग्रामपंचायत, सरकारी शाळा आणि रेशन दुकानात लावावा, असेही न्यायालयाने त्यात सांगितले होते. माझ्या मते आदेशातले हे सर्वांत शहाणपणाचे वाक्य, आणि पाळले गेले तेही बहुधा सर्वांत कमी.

आता खिचडीचे. केंद्राची शालेय आहार योजना १९९५ पासून होती आणि दोन वर्षांत शिजवलेले जेवण सुरू करावे, असे तिच्यातच म्हटले होते. पण बहुतेक राज्ये ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो कोरडे धान्य देऊन मोकळी होत. ते घरी गेले की सगळ्या घराचे होई. आईबापही उपाशीच, त्यांना दोष कसा द्यायचा? पण शाळेतले मूल दुपारी रिकाम्या पोटीच राही. न्यायालयाने सहा महिन्यांची मुदत दिली आणि प्रमाण ठरवून दिले: शिजवलेले अन्न, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान २०० दिवस. तमिळनाडूत हे आधीपासून चालू होते, त्यामुळे जमणारच नाही असे म्हणायला इतरांना तोंड नव्हते. तरीही पैशाची सबब सांगत काही राज्यांनी बराच वेळ काढला. एप्रिल २००४ मध्ये आणखी एक आदेश आला. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या. चूल कोणाच्या हाती आहे यावर गावात काय काय अवलंबून असते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आदिवासींच्या दृष्टीने सर्वांत मोठा आदेश २ मे २००३ चा. आदिम जमातींच्या सर्व कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्यावे, असे त्यात होते. महाराष्ट्रात या जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. दारिद्र्यरेषेची यादी सर्वेक्षणातून होते आणि वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर राहणारे कातकरी कुटुंब सर्वेक्षणाच्या दिवशी घरी सापडेलच असे नाही. यादीतून नाव सुटले की धान्यही सुटले. आता गरिबी सिद्ध करत बसायची गरज उरली नाही. जमात हाच आधार झाला. त्या वेळी अंत्योदयात दरमहा ३५ किलो धान्य मिळे, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने. तेवढे पैसेही रोजंदारीवाल्याकडे एकदम नसतात, म्हणून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हप्त्याहप्त्याने धान्य घेऊ द्यावे, असे न्यायालयाने म्हटले. जो दुकानदार कार्ड स्वतःकडे ठेवतो, खोट्या नोंदी करतो किंवा महिनाभर ठरलेल्या वेळी दुकान उघडे ठेवत नाही, त्याचा परवाना रद्द करावा, हेही त्यातच आले.

आदेश पाळले जातात का, हे दिल्लीत बसून कळत नाही. त्यासाठी न्यायालयाने एन. सी. सक्सेना आणि एस. आर. शंकरन या दोन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांना आयुक्त नेमले. भूकबळी झाल्याचे त्यांना आढळले, तर मुख्य सचिवांना जबाबदार धरले जाऊ शकते, अशी तंबीही दिली.

पैसा कुठे खर्च करायचा हे निवडून आलेल्या सरकारने ठरवायचे, न्यायाधीशांनी नव्हे, असा आक्षेप अशा खटल्यांवर घेतला जातो. तो गैर नाही. पण इथे न्यायालयाने मुख्यतः सरकारने स्वतः कागदावर लिहिलेलेच सरकारकडून करवून घेतले.

२०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. यातले बरेचसे त्यात आले आणि २०१७ मध्ये याचिका निकाली निघाली. अंत्योदयचे ३५ किलो कायम आहेत आणि जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत आहे. शाळेत सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळाले नाही, तर जबाबदारी निश्चित करण्याचा नियम २०१५ पासून आहे. धान्याच्या तक्रारींसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे.

आपल्यापैकी जे पाड्यांवर भेटीला जातात, त्यांनी घरच्यांना विचारून रेशन कार्ड जरूर पाहावे. पिवळ्या कार्डावर अंत्योदयचा शिक्का आहे का? सगळ्या मुलांची नावे चढली आहेत का? कार्ड घरातच असते की दुकानात? कुटुंब कातकरी, कोलाम किंवा माडिया असून शिक्का नसेल, तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यायला त्यांच्याबरोबर जावे. अर्जाची पोच तारखेसह मागून घ्यावी आणि तिची एक झेरॉक्स कुटुंबाकडे ठेवावी.