विशारद झालेली मुलगी पहिल्या वर्षात

जिला पहिली लस मी टोचली, ती मुलगी काही वर्षांपूर्वी आईवडिलांसह आमच्या बारडोलीच्या दवाखान्यात येऊन बसली. ताप नव्हता, खोकला नव्हता. बारावी विज्ञानाचा निकाल चांगला लागला होता आणि तिला विद्यापीठात गाणे शिकावयाचे होते. वडील मूळचे खानदेशातले, तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने इकडे येऊन स्थिरावलेले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच हिला समजवा." मी समजावले, म्हणजे आपण सारे डॉक्टर मंडळी आपल्या मुलांना जे सांगतो तेच सांगितले. गाणे छंद म्हणून ठेव, आधी व्यवसायाची पदवी घे. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग काका, विशारदपर्यंतची माझी वर्षे कशात धरायची?"

या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते.

गावातील एका मास्तरांच्या दोन खोल्यांच्या वर्गात ती प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करीत विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षा उत्तीर्ण झाली होती. या परीक्षांमागे एक इतिहास आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टी बालपणी कुरुंदवाडला फटाक्यामुळे अधू झाली (दिवाळीच्या तोंडावर मी पालकांना हे आवर्जून सांगतो). पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विद्या घेऊन त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गुरुगृही वर्षानुवर्षे राहिल्यावाचून न मिळणारे गाणे ठराविक अभ्यासक्रमाने, सामान्य घरातील मुलामुलींना मिळावे, हा हेतू. १९३१ साली त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस मंडळ स्थापिले. आज आडगावचा विद्यार्थीही जवळच्या केंद्रावर ही परीक्षा देऊ शकतो, ती त्या खटपटीमुळे.

योगायोग असा की १९०१ मध्येच अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी, अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी एक कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले. विद्यापीठाची पहिली दोन वर्षे मुलांनी घरी राहूनच पुरी करावीत, ही त्यामागील कल्पना. त्यातूनच तेथील कम्युनिटी कॉलेजे वाढली. बारडोलीकरांना हा शब्द नवा नाही; येथील कितीतरी पाटीदार कुटुंबांतील मुले तिकडे याच वाटेने शिकली. कमी शुल्कात दोन वर्षे काढायची, श्रेयांक बरोबर घेऊन विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जायचे.

संगीताच्या विद्यार्थ्याला मात्र तिकडेही एवढ्याने भागत नाही. गणिताचे, इतिहासाचे श्रेयांक कागदावरून पुढे जातात. पण गळा किंवा वाद्य कोणत्या पायरीवर आहे हे विद्यापीठ बहुधा पुन्हा ऐकून ठरविते, संगीतशास्त्राचीही चाचणी घेते. मला ही पद्धत न्याय्य वाटते. ऐकून ठरवा, हवे तर खाली बसवा. पण आधी ऐका तरी!

आपल्याकडे काही विद्यापीठे एम. ए.च्या प्रवेशासाठी विशारद ग्राह्य धरतात. पदवीच्या वर्गात मात्र विशारद झालेला आणि काल सरगम शिकलेला पुष्कळदा एकाच बाकावर येतात. २०२१ पासून श्रेयांकांची पेढी आली. तिच्यात मान्यताप्राप्त संस्थांतील शिक्षण जमा होते. दोन खोल्यांतील मास्तरांच्या वर्गातला रियाज तेथे कोणत्या खात्यात भरावयाचा?

बारडोलीला गाण्याशी काय कर्तव्य, असेही कोणी म्हणेल. विष्णु दिगंबरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात संगीत शिकवीत; १९३० च्या दांडीयात्रेत ते चालले, आणि १९३८ मध्ये काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी त्यांचा अंत झाला तो आपल्या शेजारच्या हरिपुऱ्यात. अधिवेशन आपणा सर्वांना ठाऊक असते, सुभाषबाबू अध्यक्ष होते हेही. खरे मात्र विसरले गेले.

असो. मुलगी माझे न ऐकता गेली, हे सांगावयास मला संकोच वाटत नाही. परगावच्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाला बसली. पुढे सुटीत भेटली तेव्हा मी काहीशा रागानेच विचारले, पुन्हा पहिल्यापासून का? ती हसली. म्हणाली, "पहिले चार महिने यमनच होता, काका. इथे मी तो परीक्षेपुरता गायले होते. तिथे नुसता गंधार लावायला शिकले." मग थोडे थांबून म्हणाली, "दुसऱ्या वर्षी मात्र खरेच कंटाळा आला. ते वर्ष वाचले असते."

वडील शेजारीच बसले होते. ते म्हणाले, एका वर्षाचे वसतिगृहाचे पैसेही वाचले असते.