उतारावरचं खाचर

वर्धा जिल्ह्यात आर्वी-कारंजाकडे डोंगरउतार आहेत, पण त्यांवर धानाच्या पायऱ्या नाहीत. कपाशी-तुरीच्या मुळाशी पाणी तुंबलं की पीक पिवळं पडतं, म्हणून इथल्या शेतकऱ्याची धडपड जादा पाणी वावराबाहेर काढण्याची. धानाला तेच पाणी हवं असतं. भंडारा-गोंदियाच्या बांध्या आपल्या ओळखीच्या, पण त्या बहुतेक सपाटीवरच्या. उतारावरचं भात पाहायचं तर मावळ, अकोले किंवा कोकण गाठावं लागतं.

तिथे खाचर, म्हणजे उतारावरची भाताची पायरी, पाडताना उताराला आडवं खणतात, वरच्या अंगाची माती खालच्या अंगाला ओढतात आणि कडेला दगडमातीचा बांध घालतात. उतार जितका तीव्र, तितकं खाचर अरुंद. खरं कसब जमीन समपातळीत आणण्याचं आहे. एका कोपऱ्यात घोटाभर पाणी आणि दुसरा कोपरा उघडा राहिला, तर उघड्या भागात तण माजतं आणि खोल भागात कोवळं रोप बुडतं.

उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळतात; हा राब. त्यानं तणाचं बी मरतं, राख मिळते. त्यासाठी झाडं मात्र ओरबाडली जातात, ते पटत नाही.

पावसानं खाचर भरलं की चिखलणी. माती घोटून खाली घट्ट थर बसतो आणि पाणी झिरपणं कमी होतं. साधारण तीन आठवड्यांची रोपं उपटून लावतात. जादा पाणी बांधातल्या सांडीतून खालच्या खाचरात उतरतं, तिथून त्याच्या खालच्या. म्हणून वरचा बांध फुटला की नुकसान एका शेतावर थांबत नाही. खेकड्याचं एक बीळही पुरतं. पावसाळाभर बांध लिंपत राहावे लागतात.

या वाहत्या पाण्याबरोबर फेकलेलं खतही खाली जातं. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत त्यावर उपाय आहे: रोपांचे चूड (झुबके) 15 आणि 25 सेंटीमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावायचे आणि चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची गोळी चिखलात खोचायची. खत मुळाशीच राहतं. पद्धतीत पेंढ्याचा फेरवापर आणि गिरिपुष्पाचा पालाही येतो.

पाहायला जाणार असाल तर जुलैत, लावणीच्या दिवसांत जा. ऑक्टोबरातलं पिवळं भात फोटोला छान, पण पाणी कुठून कुठं जातं ते तेव्हा कळत नाही.