चर्चला जाणारे जास्त मतदान करतात का? एका साध्या प्रश्नाची अवघड गोष्ट



भिवंडीतल्या एका ज्युनिअरने मागच्या आठवड्यात तिचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय होता ख्रिस्ती श्रद्धा आणि मतदानाची जबाबदारी. हा विषय तिच्या घरातूनच आलाय. आडनाव गायकवाड, वडील पॉवरलूमवर, आणि मतदानाच्या दिवशी "आधी बोट काळं, मग नाश्ता" हा त्यांचा नियम. तिचं गृहीतक असं: नियमित चर्चला जाणारा माणूस मतदान जास्त करतो. पद्धत: रविवारी उपासना सुटल्यावर दारात उभं राहून शंभर जणांकडून फॉर्म भरून घ्यायचा.

मी केमिस्ट्रीवाली. पण कंट्रोल सॅम्पल नसलेला प्रयोग दिसला की मला राहवत नाही.

आधी प्रश्नाबद्दल, कारण प्रश्न चांगला आहे. कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद 2240) कर भरणं आणि मतदान करणं ही नैतिक बांधिलकी म्हणून दिलेली आहे. म्हणजे श्रद्धा आणि मतदान यांचा धागा आपण ओढूनताणून जोडलेला नाही. मात्र "मतदान करा" आणि "अमक्याला करा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी, धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123(3) नुसार भ्रष्ट आचार ठरतो. त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल (4 विरुद्ध 3) आपल्याच मुंबईतल्या, सांताक्रूझच्या 1990 च्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यातला आहे. म्हणून तिला पहिली सूचना: तुझा व्हेरिएबल फक्त "मत दिलं की नाही" एवढाच ठेव. कुणाला दिलं, हे विचारूही नको.

आता खरी अडचण. मतदार यादीत धर्माचा रकाना नसतो. फॉर्म 20 मध्ये बूथनिहाय मतं मिळतात, माणसानिहाय नाही. ख्रिस्ती वस्तीच्या बूथवर टक्का जास्त दिसला म्हणून ख्रिस्ती लोकांनी जास्त मतदान केलं, असं म्हणता येत नाही. कदाचित त्यांच्या शेजाऱ्यांनी केलं असेल! रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये हे अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. पण माणूस-माणूस मोजला तर तेच लोक थोडे जास्त निरक्षर निघाले. ते साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच.

मग काही संशोधक यादीतल्या नावावरून धर्म ओळखतात. वसईत हे बऱ्यापैकी चालेल: डिब्रिटो, परेरा, लोपीस. पण अहिल्यानगर-जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती? गायकवाड, साळवे, कांबळे. रेव्हरंड टिळकही शेवटपर्यंत टिळकच होते. म्हणजे ही पद्धत माझ्या ज्युनिअरच्या अख्ख्या घराला ख्रिस्ती म्हणून मोजणारच नाही. शिवाय 1950 च्या अनुसूचित जाती आदेशामुळे धर्म ख्रिस्ती लिहिला की अनुसूचित जातीचा दर्जा जातो, त्यामुळे धर्म विचारणारा कागद समोर आला की माणूस विचार करून उत्तर देतो. ही चूक रँडम नाही. ती नेमकी गरीब, दलित ख्रिस्ती मतदारालाच गाळते. मला विचाराल तर तिच्या प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण हेच असायला हवं.

बरं, थेट विचारलं तर? मत न देता "दिलं" म्हणणारे जगभर सापडतात. आणि जिथे मतदान हे कर्तव्य म्हणून शिकवलं जातं, तिथे "नाही दिलं" म्हणायला जीभ आणखी जड होते. 2024 च्या लोकसभेला भिवंडीत 20 मे, सोमवारी मतदान झालं; आदला रविवार पेंटेकॉस्टचा. अशा रविवारी मतदानाचं आवाहन ऐकलेल्या माणसाला पुढच्या रविवारी त्याच दारात तोच प्रश्न विचारला, तर फॉर्मवर आलेलं उत्तर श्रद्धेचा परिणाम की संकोचाचा? सांगता येणार नाही.

कार्यकारणभाव तर त्याहून पुढची गोष्ट. जो वेळेवर चर्चला जातो तो मुळातच शिस्तीचा असेल, मत तर देईलच. गर्बर, ग्रुबर आणि हंगरमन यांनी यावर छान युक्ती काढली. अमेरिकेत काही राज्यांत रविवारी दुकानं बंद ठेवायचे कायदे होते, ते वेगवेगळ्या वर्षी रद्द झाले. दुकानं उघडली, चर्चची हजेरी घटली. माणसं तीच, बदलली फक्त रविवारची सोय. त्यानंतर मतदानही साधारण एक टक्क्याने घसरलं. याला नॅचरल एक्सपेरिमेंट म्हणतात. भिवंडीत तसा कायदा नाही, आणि लूम बंद राहण्याचा वार शुक्रवार! (यातून काही निघेल का, याचा विचार मी अजून करतेय.)

फोनवर हे सगळं ऐकून ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, तोंडी विचारण्यापेक्षा बोटावरची शाई बघू का? आठवडाभर तरी जात नाही ना ती."

शाई बघणं मला पटलं. तोंडी उत्तरावर विसंबायची गरज उरत नाही. पण चर्चला न येणाऱ्यांची बोटं कुठे बघणार, हे तिला अजून ठरवायचंय. सिनॉप्सिसचा दुसरा ड्राफ्ट शनिवारी येतोय.