सावलीला बांधलेली हाडं

रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले १८९५च्या नोव्हेंबरात. दोनच वर्षांत ग्लासगोच्या डॉ. जॉन मॅकिन्टायर यांनी बेडकाच्या पायाची हाडं पडद्यावर हलताना दाखवली. पण पडद्यावरचं हाड म्हणजे नुसती सपाट सावली. ते स्वतःभोवती किती फिरलं, हे एका सावलीवरून कळत नाही. पुढची शंभरेक वर्षं ही अडचण कायम राहिली.

एका सावलीनेही मोठी कामं केली, हे सांगायलाच हवं. हार्वर्डच्या फॅरिश जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात उडणाऱ्या स्टार्लिंगचं, म्हणजे मैनेच्याच कुळातल्या पक्ष्याचं, सेकंदाला २०० चौकटींनी क्ष-किरण चित्रण केलं. पंख खाली येताना छातीपुढचं बेचकीसारखं हाड फाकतं आणि पंख वर जाताना मिटतं, हे १९८८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं.

तिसरी मिती आली ती वैद्यकातून. स्वीडनमध्ये यॉरान सेल्विक यांनी १९७४ मध्ये हाडात टँटलमचे बारीक मणी बसवून दोन कोनांतून एक्स-रे काढण्याची पद्धत मांडली. सीटी स्कॅन नुकताच आला होता. त्याच्या चकत्यांतून हाडाचा घडीव पृष्ठभाग काढण्याची गणिती रीत १९८७ ची, लॉरेन्सन आणि क्लाइन यांची.

हे सगळे धागे ब्राउन विद्यापीठात २०१० च्या सुमारास एकत्र आले. एलिझाबेथ ब्रेनर्ड, स्टीफन गेट्सी आणि सहकाऱ्यांच्या या पद्धतीचं नाव एक्सरॉम. जनावर दोन क्ष-किरण कॅमेऱ्यांसमोर चालतं, उडतं किंवा चावतं. त्याच्याच सीटी स्कॅनमधून घेतलेली हाडं माया या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात. खऱ्या क्ष-किरण नळ्या जिथे होत्या तिथेच दोन आभासी कॅमेरे लावतात. मग चौकटीमागून चौकट हाड सरकवायचं, वळवायचं, दोन्ही सावल्यांशी त्याची कड जुळेपर्यंत. मणी बसवलेले असतील तर हेच काम संगणक करतो, आणि चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच राहते. सिनेमातला ॲनिमेटर हाड त्याला वाटेल तसं हलवू शकतो, इथे सावली त्याला मुभा देत नाही. मला या तंत्राचं सगळं मोल त्या बंधनात दिसतं.

माणसाच्या गुडघ्यावर हे दोन कोनांतून पाहणं आधीच आजमावलं गेलं होतं. स्कॉट टॅशमन यांच्या गटाने २००४ मध्ये अस्थिबंध नव्याने बसवलेल्या रुग्णांना उतारावर धावायला लावलं. हाड पुढे सरकणं थांबलं होतं, पण फिरण्यात गुडघा पहिल्यासारखा झालेला नव्हता. बाहेरून पाहून हे कधी कळलं नसतं.

मला सर्वांत आवडतो तो २०१४ चा प्रयोग. फॉकिंगहॅम आणि गेट्सी यांनी गिनी कोंबडीला खसखशीच्या थरावरून चालवलं. पाय खसखशीत बुडाला की डोळ्यांना काही दिसत नाही, क्ष-किरणांना दिसतं. बोटं पसरून आत शिरतात आणि मिटून बाहेर निघतात. त्या हालचालीवरून संगणकात दाणान् दाणा सरकवला, तेव्हा वरच्या थरापेक्षा खालच्या थरांत उमटणारा ठसा वेगळाच निघाला. कनेटिकटच्या खोऱ्यातल्या खडकांवर डायनोसॉरच्या पावलांचे असेच विचित्र, अरुंद ठसे आहेत, आणि ते याच रीतीने वाचता येतात.